डोंगल की वायर? जुन्या गाडीचा लॉग घेताना

ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅप (किती आरपीएमला किती पेट्रोल याचा तक्ता) बदलायचा म्हटलं की तो बदलणारा ट्यूनर आधी लॉग मागतो, चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद. तो लॉगच गळका असेल तर ट्यूनर कितीही तयारीचा असो, तो अंदाजानंच पेट्रोल कमी-जास्त करणार. माझी गाडी 2007 ची, केए-22 (बेळगाव) पाटीची, के-लाइनवर, म्हणजे ईसीयूशी बोलायच्या जुन्या एकेरी वायरवर, बोलणारी. पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल वाढल्यापासून लाँग टर्म ट्रिम (ईसीयू स्वतःहून पेट्रोलात करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) अधिक बाराच्या खाली उतरेना, म्हणून या भानगडीत पडलो. लॉग घ्यायला दोन वाटा: ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईल, किंवा यूएसबीची के-लाइन वायर आणि लॅपटॉप. दोन्हींवर पैसे घातले, दोन्ही वापरली. कुठं काय जोडायचं आणि काय किमतीला मिळतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

डोंगलची सोय खरी आहे, ते आधी कबूल करतो. डॅशबोर्डखाली खुपसला की झालं. उद्यमबागेतून सुटून टिळकवाडीला घरी येईपर्यंत एकटा माणूस लॉग घेऊन मोकळा होतो. सकाळचा थंड स्टार्ट, आयडल, सिग्नलला चढणारं कूलंटचं तापमान, ट्रिम, अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टी तो नीट दाखवतो. माझी ट्रिमची तक्रारही त्यानंच उघडी पाडली. कॅनवर (के-लाइननंतर आलेली पद्धत) चालणारी गाडी असेल तर मी इतका हट्ट धरणार नाही. तिथं एका मागणीत सहा पीआयडीपर्यंत, म्हणजे सहा वेगवेगळे आकडे, विचारता येतात आणि लाइनही वेगवान असते. के-लाइनचा कारभार 10,400 बॉडचा, म्हणजे सेकंदाला तेवढेच बिट, आणि ओबीडीच्या (गाडीची तपासणी करायच्या ठरावीक भाषेच्या) नेहमीच्या पद्धतीत एका वेळी एकच प्रश्न. सहा आकडे मागितले की माझ्याकडे सगळा फेरा पुरा व्हायला सेकंदभर जायचा.

सेकंदभर म्हणजे किती, ते वंटमुरी घाटात कळलं. पहाटे, रस्ता मोकळा बघून, दुसऱ्या गिअरमध्ये 2,000 पासून 5,500 पर्यंत पूर्ण थ्रॉटल. सहा-सात सेकंदांत खेळ संपतो. मॅपमध्ये 500-500 च्या अंतरानं तेवढ्यात आठ घरं येतात, आणि हातात ओळी सात! त्याही एका क्षणाच्या नाहीत. आरपीएम आधी विचारलेला, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) त्यानंतरचं, थ्रॉटल त्याहून नंतरचा. ओळ एक, पण त्यातले आकडे वेगवेगळ्या वेळचे.

तेही मी चालवून घेतलं असतं. गाडी जुनी, मी काही रेसला निघालेलो नाही.

बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवर. रात्री जेवणाच्या टेबलावर फाईल उघडून बसलो होतो, शेजारी भाचा. तो म्हणाला, "मामा, ह्या तीन ओळी सारख्याच आहेत की ओ." बघतो तर 3,412 आरपीएम, 88 किलोपास्कल. खाली पुन्हा 3,412, 88. त्याखालीही तेच. घाट चढताना पूर्ण पाय दाबलेला असताना इंजिन तीन सेकंद एका आकड्यावर उभं राहील कसं? ब्लूटूथ मध्ये तुटलं होतं, आणि ॲपनं रिकाम्या जागेत जुनाच आकडा पुन्हा पुन्हा लिहून ठेवला होता. आलेखात एकही फट नाही, रेघ कशी सुबक! आधीचा एक लॉग मी न तपासता ट्यूनरला पाठवलाही होता, आणि 3,500 च्या आसपास गाडी का घुटमळते याचा आठवडाभर दोघांनी शोध घेतला. कदाचित दोष डोंगलचा नसेल, ॲपचा असेल. कुठंतरी सेटिंगही असेल. पण जो लॉग स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालतो, त्याच्यावरून माझं मन उडालं ते उडालंच.

आमचे मेकॅनिक आधीच म्हणाले होते, "आकडे बगायचे आसले तर वायर लावा ओ. हवेतनं काय येतंय, काय गळतंय, कुणाला कळतंय!" तेव्हा मी हसलो होतो.

वायरचा त्रासही कमी नाही. लॅपटॉपवर तिचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बसवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. उन्हात स्क्रीन दिसत नाही. खड्ड्यात यूएसबीचं टोक हलतं. आणि शेजारी लॅपटॉप धरायला माणूस लागतोच. भाच्याला दर वेळी येताना मिसळ द्यावी लागते. पण वायरवरचं सॉफ्टवेअर माझ्या ईसीयूला कंपनीच्या स्वतःच्या भाषेत विचारतं, आणि ईसीयू आरपीएम, प्रेशर, थ्रॉटल, इंजेक्टरचा वेळ, सगळं एका पुडक्यात बांधून देतो. सेकंदाला सात-आठ ओळी येतात, आणि प्रत्येक ओळ त्या त्या क्षणाची. मुख्य म्हणजे संपर्क तुटला तर ओळच येत नाही. वेळेचा रकाना 41.2 वरून थेट 43.9 वर उडी मारतो. भोक असेल तर भोक दिसतं, मी तो पल्ला टाकून देतो आणि परत घाट चढतो. तुमच्या ईसीयूचं ते पुडकं सॉफ्टवेअरला उलगडता येत नसेल, तर मात्र वायरचा निम्मा फायदा गेला. घेण्याआधी तेवढं विचारून घ्या.

पूर्ण थ्रॉटलला गाडीच्या मूळ ऑक्सिजन सेन्सरवर दोन्हींपैकी कशातही विसंबू नका. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं माप, 1 म्हणजे जळायला लागते नेमकी तेवढीच हवा. तो सेन्सर लॅम्डा 1 च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, किती ते नाही. मी वाइडबँड, म्हणजे किती तेही सांगणारा सेन्सर, बसवला, त्याची सीरियल वायर त्याच लॅपटॉपला गेली. मोबाईलवर ते जमवायला मला तरी जमलं नाही. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे उगाच लीन (पेट्रोल कमी पडल्यासारखे) दिसतात, तेव्हा गाडी एकदा लिफ्टवर घ्या. आणि 14.7 च्या (एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) भाषेत बोलू नका, लॅम्डात बोला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला तो आकडा लागू होत नाही.

लॉग सुरू करण्याआधी माझी एक सवय आहे, ती डोंगल आणि वायर दोन्हींना चालते. चावी ऑन, इंजिन बंद, मॅनिफोल्ड प्रेशर बघायचं. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणजे इथं 92-93 किलोपास्कलच्या आसपास यायला हवं. इथं उभं राहून 101 दिसत असेल तर सेन्सर तरी चुकतोय किंवा सॉफ्टवेअरचं गणित तरी. चोर्ला घाट उतरून पणजीला, समुद्रकाठी, गेलो तेव्हा भाच्यानं मुद्दाम लॅपटॉप उघडला. तिथं हवं तसं 101 आलं.

डोंगल विकला नाही. गल्लीत कुणाचा चेक लाइट पेटला की मागून नेतात, आणि चार दिवसांनी परत आणून देतात.