रॅमच्या स्पीडचं 'लायसन्स'

वहीच्या फाडलेल्या कागदावर निळ्या बॉलपेननं लिहिलेली एक पावती माझ्या कपाटात आहे. 'रॅम स्पीड लायसन्स – १ साल – १२००/-'. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. अशाच दोन आहेत. माझं व्हायचं ते हसं झालं, निदान वाचणाऱ्यानं तरी पाकीट उघडण्याआधी दोन मिनिटं थांबावं, म्हणून लिहिते आहे.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, घरूनच लग्नपत्रिका आणि अल्बमचं डिझाइन करते. मागच्या वर्षी जुन्या कम्प्युटरनं मान टाकली, तेव्हा आर. एन. टी. मार्गाकडच्या एका दुकानातून नवा जोडून घेतला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि आठ-आठ जीबीच्या दोन रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ३२०० स्पीडच्या. २६६६ची स्वस्तात मिळत होती. पण दुकानदारानंच पटवलं की या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमच वापरतं, तिथे कंजुषी करू नका. हे मात्र खरं होतं, तेवढं श्रेय त्याला देते.

महिन्याभरानं एक जाडजूड अल्बम अडकायला लागला म्हणून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं, तर स्पीडपुढे २४००. खोकं अजून माळ्यावर होतं, त्यावर ठळक ३२००. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात.

"आंटीजी, कंपनी लॉक करके भेजती है. अनलॉक का लायसन्स अलग लगता है."

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? त्यावर चहा आला. त्यानं मॉनिटर स्वतःकडे वळवला, पण कीबोर्ड मला तिरका दिसत होता. मशीन चालू होताच डिलीटचं बटण टकटक टकटक दाबलं, मग बाण, एंटर, शेवटी एफ १०. स्क्रीन दोनदा काळी होऊन परत आली. माझा अर्धा कपही संपला नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दाखवलं, पावती फाडली, मी १२०० मोजले. वर 'थँक्यू भैया'सुद्धा म्हटलं.

रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची माझी जुनी सवय. पावसाळ्यात एके सकाळी कम्प्युटर लावला तर तारीख काही वर्षं मागे गेलेली, बँकेची साइट उघडेना, आणि स्पीड पुन्हा २४००. दुकानदार म्हणतो, "लाइट गई होगी, तो लायसन्स उड़ गया." विजेबरोबर लायसन्स उडतं, हे मी ऐकून घेतलं! त्यानं तारीख नीट केली, मघाचीच बटणं दाबली आणि परत १२०० घेतले. म्हणजे रॅम २४००वर चालत होती आणि माझेही २४०० गेले.

गणपतीत देवासहून भाचा आला. त्या दिवशीही घड्याळ मागेच होतं. त्यानं आधी तेच पाहिलं. "मावशी, आतल्या मदरबोर्डावरचा सेल गेलाय." नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, मनगटी घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांना मिळाला. बोर्डाचं घड्याळ आणि बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग त्याच्या जिवावर टिकतात. तो मेला आणि वीजही बंद केली, की सगळं मूळपदावर. नव्या म्हणून विकलेल्या बोर्डात सेल इतक्या लवकर कसा मेला, हा प्रश्न माझ्या मनात आहे, पण पुरावा नाही.

सेल घातल्यावर भाच्यानं मशीन चालू करून डिलीट दाबायला सुरुवात केली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. हीच टकटक मी बाराशे-बाराशे देऊन ऐकली होती. पडद्यावर एक ओळ होती, 'एक्सएमपी', तिच्यापुढे 'डिसेबल्ड'. त्यानं तिथे 'प्रोफाइल १' निवडलं, एफ १० दाबलं. दोनदा काळोख, मग विंडोज. ३२००.

त्यानं समजावलं ते असं. रॅमच्या पट्टीवर एक बारीकशी चिप असते. तिच्यात साधा, सगळीकडे चालणारा वेग लिहिलेला असतो आणि खोक्यावरचा वेगही, त्याला लागणाऱ्या व्होल्टेजसकट. माझ्या रॅमला एरवी १.२ व्होल्ट लागतात, ३२००ला १.३५. बोर्ड आपणहून सावध वेगानं सुरू होतो, वरचा वेग आपण चालू करायचा, तेच ते एक्सएमपी. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, एएमडीच्या नव्या, डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर एक्स्पो. लायसन्स कुठेच नाही. ३२०० माझ्या प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेतच आहे. आणि एखाद्या मशीनला तो वेग झेपला नाही, तर बहुतेक बोर्ड दोन-चारदा धडपडून आपले आपण जुन्या वेगावर येतात.

उलटी चूकही करू नका. सीपीयू-झेड नावाच्या तपासणीच्या प्रोग्राममध्ये १६०० दिसेल. ती फसवणूक नव्हे. डीडीआर जातीची ही रॅम एका ठोक्यात दोनदा माल उचलते, म्हणून दुप्पट धरायचं.

आणि अल्बम? तो अजूनही अडकतो. भाचा म्हणाला, डिस्क काठोकाठ भरली आहे, ती आधी रिकामी कर. म्हणजे मुळात ज्या दुखण्यासाठी गेले, त्यावर हे औषधच नव्हतं.

दुकानात दोन्ही पावत्या घेऊन गेले. "सर्विस का पैसा है, आंटीजी. आपको आता था क्या?" नव्हतं येत. 'सेटिंग करून देतो, दोनशे द्या' म्हणाला असता तर हसत दिले असते. मी एवढंच म्हटलं, लायसन्स कुठल्या कंपनीचं ते लिहून पक्कं बिल द्या, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आत्ताच लावते. दोन गिऱ्हाइकं काउंटरला टेकून ऐकत होती. त्यानं गल्ल्यातून १२०० काढले, पहिले मात्र मेहनतीचे म्हणून ठेवून घेतले. मग हात पुढे करून दुसरी पावती परत मागितली.

ती मी दिली नाही.