घोरपड की फुलपाखरू? रविवार एकच आहे

टेकडीवर येणाऱ्या आमच्या गटातल्या एकीने परवा विचारलं, "काका, मला रविवारी सकाळचा तासभरच मिळतो. घोरपडीसाठी काही करू की फुलपाखरासाठी?" फुलपाखरू म्हणजे डॅनेड एगफ्लाय. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघं बरीच वर्षं एकाच पंगतीला होती, पहिल्या परिशिष्टात, थेट वाघाशेजारी. दुखणं मात्र दोघांचं निराळं.

एगफ्लायचा नर काळा, पंखांवर पांढरे गोल ठिपके, कडेला जांभळी झाक. मादी नारिंगी, हुबेहूब प्लेन टायगर नावाच्या दुसऱ्या फुलपाखरासारखी. तो बेचव म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि त्या दबदब्यावर ही फुकट जगते. अळी खाते घोळ. हो, आपली भाजीची घोळ! पावसाळ्यात कुंडीत आपसूक उगवते आणि माळी तण म्हणून उपटतो. गेल्या श्रावणात मी एक कुंडी तशीच राहू दिली, तर नारिंगी डोक्याच्या काटेरी काळ्या अळीने पार देठापर्यंत फडशा पाडला. पण खरं सांगायचं तर हे फुलपाखरू आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. इतक्यात नामशेष होत नाही.

घोरपडीला माणूस उचलून नेतो. मांसासाठी, सांधेदुखीवरच्या तेलासाठी. वाघ्या-मुरळीच्या दिमडीलाही पूर्वी तिचंच कातडं असायचं. पूजेच्या सामानात 'हाथाजोडी' नावाची मुळी विकतात ना, ती पुष्कळदा मुळी नसतेच. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. यशवंतीची गोष्ट इतिहासकारांना पटत नाही, पण सिंहगडावर ती रंगवून सांगणारा पुणेकरच पार्किंगमध्ये घोरपड शिरली की काठी शोधतो. कोंडीत सापडली तर ती शेपटीचा फटका देईल, चावेलही. आपणहून अंगावर येत नाही.

म्हणून, गच्ची आणि पाच मिनिटं एवढंच असेल तर घोळ वाढवा, महिनाभरात फळ दिसेल. तासभर असेल तर माझं मत घोरपडीला. वॉचमनला वनखात्याचा 1926 हा नंबर लिहून द्या. शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आहे हेही सांगा. वारूळ मोडू देऊ नका, ती त्यात अंडी घालते. खाणीच्या कडेला ऊन खात बसलेली दिसली तर फोटो खुशाल काढा, पण जागा कुणाला सांगू नका. आमच्या गटातही नाही.