माझ्याकडे उघडते, क्लायंटकडे नाही: डीएनजी वापरून नऊ महिने

नवी कॅमेरा बॉडी घेतली तेव्हा डोक्यात फक्त ऑटोफोकस होता. पहिल्या शूटनंतर कार्ड लावलं आणि माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरने एकही फाइल ओळखली नाही. एक्स्टेंशन जुन्या कॅमेऱ्याचंच होतं, त्यामुळे आधी वाटलं कार्डच गेलं. कार्ड ठणठणीत होतं. फाइलच्या आतली मांडणी बदलली होती आणि माझी आवृत्ती एकरकमी पैसे भरून घेतलेली, जुनी. तिला नव्या कॅमेऱ्यांची ओळख करून देणं कंपनीने केव्हाच थांबवलं होतं. दरमहा वर्गणी भरायची नव्हती. म्हणून अशा वेळी बहुतेक जण करतात तेच केलं. मोफत कन्व्हर्टर उतरवून घेतला आणि प्रत्येक शूटच्या रॉ फायली, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा असलेल्या मूळ फायली, डीएनजी या खुल्या रॉ फॉरमॅटमध्ये बदलायला सुरुवात केली.

या कामापुरता कन्व्हर्टर चोख आहे. रात्री फोल्डर लावून झोपायचं, सकाळी फायली तयार. बदललेल्या फाइलमधून सावल्या उचलताना किंवा जळालेलं आकाश परत आणताना मला मूळ रॉच्या तुलनेत काही कमी पडलेलं दिसलं नाही. आकारही बहुधा थोडा कमीच भरतो. एक सेटिंग मात्र नीट बघून घ्या. ‘सॉफ्टवेअरच्या किती जुन्या आवृत्तीत चालावी’ असा पर्याय असतो. ‘असू दे, सगळीकडे चालेल’ म्हणून मी सुरुवातीला तिथे फार जुनी आवृत्ती निवडली, तर कन्व्हर्टरने सेन्सरची मूळ जाळी न ठेवता प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग आधीच काढून लिहिले. याला लिनिअर डीएनजी म्हणतात. फायली कितीतरी पट फुगल्या आणि एका शूटमध्ये डिस्क भरली. चूक माझीच.

हा सगळा घोळ मुळात होतो, कारण ‘रॉ’ नावाचा कुठलाही एक फॉरमॅट नाही. कॅननचं सीआर२ टिफ या जुन्या चित्र-फॉरमॅटच्या पायावर होतं. २०१८ मध्ये आलेलं सीआर३ एमपी४ व्हिडिओच्या कंटेनरच्या घराण्यातलं आहे. निकॉनच्या एनईएफमध्ये झेड ९ पासून वेगळी कॉम्प्रेशनची पद्धत आली, एक्स्टेंशन तेच ठेवून. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर रंगांची जाळीच २ बाय २ ऐवजी ६ बाय ६ ची. दर नव्या बॉडीमागे सॉफ्टवेअरवाल्यांना नव्याने शिकावं लागतं. यावर उतारा म्हणून अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी आणलं, त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. लायका आणि पेंटॅक्सचे बरेच कॅमेरे थेट डीएनजीच लिहितात.

एवढं वाचून मीही तोच निष्कर्ष काढला जो तुम्ही काढाल: खुला फॉरमॅट आहे, एडिटही त्याच फाइलच्या पोटात राहतात, मग क्लायंटलाही डीएनजीच देऊ. इथेच माती खाल्ली.

एका कॅटलॉगच्या डिझायनरने ‘एडिट केलेल्या रॉ फायली’ मागितल्या. त्याआधी त्याला जुन्या कॅमेऱ्याच्या मूळ फायली आणि सोबत एक्सएमपी साइडकार (एडिटच्या सूचना लिहिलेल्या छोट्या वेगळ्या फायली) दिल्या होत्या, तेव्हा त्याने साइडकार ‘फालतू छोट्या फायली’ समजून उडवून टाकल्या होत्या. डीएनजीत ती भीती नाही म्हणून मी खूश. संध्याकाळी त्याचा फोन. फोल्डरमध्ये थंबनेल छान दिसतात, पण उघडलं की फोटो फिके, क्रॉपसुद्धा गायब. ‘तुम्ही चुकून कच्चे पाठवलेत का?’ मी इकडे उघडून बघतो तर सगळं जागेवर.

कारण समजायला अर्धा दिवस गेला. डीएनजीच्या आत तीन वेगळ्या गोष्टी असतात. सेन्सरचा कच्चा डेटा, ज्याला एडिटिंग कधीच हात लावत नाही. एडिटच्या सूचना, म्हणजे ‘एक्स्पोजर इतकं वाढव, इथून काप’ अशी यादी. आणि एक जेपेग प्रीव्ह्यू, जो माझ्या सॉफ्टवेअरने एडिटनंतर ताजा करून ठेवलेला. फोल्डरने त्याला प्रीव्ह्यू दाखवला, म्हणून थंबनेल छान. उघडल्यावर त्याच्या सॉफ्टवेअरने कच्चा डेटा घेतला आणि सूचना सोडून दिल्या, कारण त्या माझ्या सॉफ्टवेअरच्या बोलीत लिहिलेल्या. रचना खुली आहे ती फाइलची; ‘क्लॅरिटी +२०’ म्हणजे पिक्सेलचं नेमकं काय करायचं, हे त्या खुलेपणात येत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरचं ते आपापलं गणित. डार्कटेबल हे मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरही एक्सएमपी लिहितं, पण त्याच्यातल्या सूचना वेगळ्या आणि फाइलचं नावही वेगळं: मूळ फाइलचं एक्स्टेंशन तसंच ठेवून त्यापुढे एक्सएमपी. एकाच एक्सएमपी नावाखाली दोन अनोळखी पाहुणे.

बरं, सॉफ्टवेअर एकच असलं तरी सुटका नाही. दुसऱ्या एका कामात क्लायंटच्या रिटचरकडे माझंच सॉफ्टवेअर होतं, पण माझ्याहून जुन्या आवृत्तीचं. साधे स्लायडर बरोबर आले. माझ्या आवृत्तीतले मास्क, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरते केलेले बदल, त्याच्याकडे आलेच नाहीत. चेहरा उजळवलेला मास्क गेला आणि मागची भिंत काळवंडवलेला मास्कही गेला. त्याने मला न विचारता त्यावरच काम पुढे रेटलं. दोन दिवसांचं रिटचिंग पुन्हा करावं लागलं आणि ते कोणाच्या खात्यावर, यावरून तीन फोन झाले.

तेव्हापासून माझं ठरलंय. डीएनजी घरातली गोष्ट. बाहेर जाताना फोटो शिजवूनच जातो, म्हणजे जेपेग किंवा टिफ. सर्वसाधारण क्लायंटला पूर्ण आकाराची जेपेग, एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या रंगांच्या मोजपट्टीत, आणि ती कोणती हे सांगणारं प्रोफाइल आत बसवून. एसआरजीबीचं एवढ्यासाठी सांगतो की एकदा घाईत अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रुंद मोजपट्टीत एक्स्पोर्ट झालं आणि ज्या अ‍ॅपमध्ये क्लायंटने फोटो पाहिले त्याला प्रोफाइल कळत नव्हतं. माणसं आजारी दिसत होती. पुढे रिटच करणाऱ्याला १६ बिट टिफ. ते जड होतं, त्याला इलाज नाही. २४ मेगापिक्सेल, तीन चॅनेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे कॉम्प्रेशन न करता एक फोटो सुमारे १४४ एमबी. दोनशे फोटोंचा गुणाकार तुम्हीच करा. म्हणून टिफ मागितल्यावरच, आणि निवडलेल्या फोटोंचंच देतो. ८ बिट जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४, हा फरक खरा आहे. पण एडिट संपलेल्या आणि जसा आहे तसा छापायच्या फोटोला तो सहसा जाणवत नाही. आकाशाच्या हलक्या छटा पुन्हा ओढाताण करायच्या असतील तर जाणवतो.

कोणी ‘रॉ पण द्या’ म्हणालं की आता मी वाद घालत नाही, फक्त ‘कशात उघडणार?’ एवढं विचारतो. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर येतं: मोबाइलवर. म्हणजे त्यांना रॉ नको असतं, मोठी आणि न दाबलेली फाइल हवी असते. मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली जेपेग दाबली जाते आणि तीच बघून त्यांना वाटतं की मी चांगली फाइल दाबून ठेवलीय. लिंकवरून मूळ जेपेग पाठवली की समाधान. खरंच रॉ हवी असेल तर मूळ रॉ देतो, एडिटशिवाय, आणि कामाच्या आधीच लेखी ठरवून. शेजारी त्याच नावाची जेपेग ठेवतो, ‘असं दिसायला हवं’ हे कळावं म्हणून.

घरातल्या डीएनजीबद्दलही दोन कुरकुरी आहेत. एडिट फाइलच्या आतच लिहिले जात असल्याने एक कीवर्ड बदलला तरी बॅकअप सॉफ्टवेअरला अख्खी फाइल नवी वाटते. साइडकारच्या काळात तिथे काही केबीच जायचे. आता मी बॅकअप रात्री लावतो आणि सकाळीही तो चालूच असतो. दुसरी कुरकुर जास्त गंभीर. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर ही बदललेली डीएनजी उघडत नाही आणि डीएनजीवरून मूळ रॉ परत बनवता येत नाही. मूळ फाइल डीएनजीच्या आत गुंडाळून ठेवायची सोय आहे, पण मग आकार जवळपास दुप्पट. पहिल्या दोन महिन्यांत मी जागा वाचवायला मूळ फायली उडवल्या. नंतर एका कामात कॅमेऱ्याचेच रंग हवे होते, जे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सहज मिळाले असते; पण द्यायला मूळ फाइलच उरली नव्हती. अंदाजपंचे रंग जुळवत बसलो.

जमेची बाजू सांगायची तर बदललेल्या डीएनजीत मूळ डेटाचा चेकसम (डेटा बदलला का हे ताडून बघायचा आकडा) असतो, त्यामुळे फाइल कुठे सडली आहे का हे सॉफ्टवेअर तपासून सांगतं. माझ्या एका जुन्या डिस्कवर अशा चार फायली त्यातूनच सापडल्या, आणि दुसऱ्या प्रतीवरून परतही मिळाल्या.

सध्या नव्या बॉडीच्या फायली डीएनजीत बदलतो, मूळ रॉ दुसऱ्या डिस्कवर तशाच ठेवतो. जुन्या कॅमेऱ्याचं एकही फोल्डर बदललेलं नाही, बदलणारही नाही. ते उघडतंय तोवर उघडू दे. वर्गणीचा विचार अजून पुढे ढकलतोय. आणखी नव्या मास्कसाठी मन होतं अधूनमधून, पण मग तो रिटचरचा फोन आठवतो.