अपत्य नसलेल्या दांपत्याचे मृत्युपत्र: पुण्यातील एका वकील कार्यालयाची सेवा

पुण्यात डेक्कन परिसरातील एका वकील कार्यालयाकडून माझे पती आणि मी नुकतीच आमची मृत्युपत्रे करून घेतली. आम्हाला मूल नाही आणि तो निर्णय आम्ही दोघांनी विचारपूर्वक घेतला होता, त्यामुळे हा अभिप्राय दोन मुलांच्या आईवडिलांना कदाचित फारसा उपयोगी पडणार नाही. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण मला खटकलेल्या गोष्टी याच एका कार्यालयापुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वकीलबाईंनी सल्ल्यासाठी दिलेला पहिला तास. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर घर घेतलेल्या बहुतेक बायका असे धरून चालतात की आपल्यामागे ते आपल्याच माणसांकडे जाईल. वकीलबाईंनी हिंदू वारसा कायदा, १९५६ मधील कलम १५ आमच्यासमोर उघडून ठेवले. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि पतीचा, ते नसल्यास पतीच्या वारसांचा, आणि त्यानंतर कुठे तिच्या आईवडिलांचा. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, स्त्रीला अपत्य नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते, पण स्वकष्टाच्या कमाईला ही तरतूद लागू नाही. पुरुष मात्र मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची आई त्याच्या पत्नीच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणारी, वारस ठरते. म्हणजे माझे पती माझ्याआधी गेले आणि मी काही लिहून ठेवले नाही, तर माझ्या पगारातले घर त्यांच्या पुतण्यांचे होऊ शकते आणि माझ्या सख्ख्या बहिणीला त्यात काही मिळणार नाही.

त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००९ मधील ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकालही समजावून सांगितला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेलेल्या नारायणीदेवींना सासरच्यांनी घराबाहेर काढले. त्या माहेरी राहून शिकल्या, नोकरीला लागल्या आणि मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांची सारी मिळकत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. कायद्याला सहानुभूतीने वाट काढता येत नाही, अशा अर्थाची भूमिका न्यायालयाने घेतली. मूल असलेल्या विधवेची कमाई निदान तिच्या मुलांकडे राहते, मूल नसलेलीची कमाई सासरची ठरते, हे इतक्या स्पष्टपणे मला याआधी कोणी सांगितले नव्हते. ‘म्हातारपणी तुमचे कोण बघणार’ असे विचारणारे नातेवाईक मात्र वर्षानुवर्षे भेटत आले आहेत.

सल्ल्याचा हा दर्जा कार्यालयाच्या कागदपत्रांत उतरलेला नाही. सुरुवातीच्या प्रश्नावलीत मुलांची नावे वयानुसार लिहिण्यासाठी तीन ओळी आहेत आणि ‘अपत्य नाही’ असे नोंदवण्याची सोय नाही. मदतनीस मुलीने त्या ओळी रिकाम्या पाहून दत्तक घेण्याचा विचार आहे का, असे विचारले. तिचा हेतू वाईट नव्हता, पण मृत्युपत्रासाठी तो प्रश्न अनावश्यक होता. खरी तक्रार मसुद्याबद्दल आहे. माझ्या मृत्युपत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘आम्हांस दुर्दैवाने अपत्यप्राप्ती झाली नाही’ असे वाक्य होते, आणि पतींच्या मसुद्यात त्या जागी नुसतेच ‘आम्हांस अपत्य नाही’ असे होते. दोन्ही मसुदे एकाच टेबलावर तयार झालेले असताना दुर्दैव तेवढे माझ्या वाट्याला आले. मी तो शब्द काढायला सांगितला आणि तो लगेच काढलाही गेला. वकीलबाईंनी या निमित्ताने एक उपयुक्त गोष्ट सांगितली: मूल का नाही याचे कारण मृत्युपत्रात देण्याची गरज नसते, पण कायद्याने वारस ठरू शकणाऱ्या पुतण्यांना का वगळले, याचे एका वाक्यातले कारण पुढे कोणी हरकत घेतल्यास कामास येते. ते वाक्य त्यांनी कोणाला न दुखवता, फार नेटके लिहिले.

आपण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसलो तर उपचारांचे निर्णय काय असावेत आणि ते कोणी घ्यावेत, हे आधीच लिहून ठेवणारा वैद्यकीय निर्णयांचा कागद या सेवेत मुळात नव्हता. तो आम्ही मागून घेतला. वास्तविक मूल नसलेल्यांना त्याची गरज अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. कार्यालयाच्या नमुन्यात निर्णय घेणाऱ्या व्यक्तीपुढे ‘मुलगा/मुलगी’ असे छापलेले होते. आम्ही ते खोडून एकमेकांची, आणि पर्याय म्हणून माझ्या भाचीची नावे घातली.

दुय्यम निबंधक कार्यालयातील काम सुरळीत झाले. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, तरी अपत्य नसलेल्यांनी ती करावी, असा वकीलबाईंचा आग्रह होता आणि तो मला पटला. डॉक्टरांचा दाखला, दोन साक्षीदार, वेळेची नोंद हे सारे कार्यालयाच्या माणसाने आधी लावून ठेवले होते. लाभ मिळणाऱ्या व्यक्तीला साक्षीला आणू नका, हेही त्याने आठवणीने सांगितले.

दोघांचे मिळून १८,००० रुपये झाले. वैद्यकीय निर्देशाचे शुल्क वेगळे होते. ही रक्कम मला जास्त वाटली नाही. पुढे बदल करायचा झाल्यास पुरवणीसाठी स्वतंत्र शुल्क आहे, ते मात्र सुरुवातीला सांगत नाहीत, म्हणून आधीच विचारून घ्यावे. गोव्यात वारशाचा कायदा निराळा असल्याने तिथल्या मालमत्तेचे काम हे कार्यालय घेत नाही. अविवाहित, विधवा किंवा मूल नसलेल्या स्त्रियांनी इथे जरूर जावे, मात्र वेळ वकीलबाईंचीच मागावी आणि मसुदा सहीआधी घरी आणून शब्दन् शब्द वाचावा.