आरओजी अ‍ॅलाय, लिजन गो: विंडोज ठेवायचं, स्टीमओएस टाकायचं की बझाइट?

ही दोन्ही यंत्रं म्हणजे हातात धरून खेळायचे छोटे पीसी. त्यांच्यातलं विंडोज ठेवायचं की बदलायचं हे ठरवायला आधी तुमच्या खेळांची यादी काढा. गेल्या तीन-चार महिन्यांत खरोखर खेळलेले खेळ. सेलमध्ये स्वस्तात घेऊन पडून राहिलेले नव्हेत. अ‍ॅलायवर किंवा लिजन गोवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम हवी, याचा अर्धा निकाल त्या यादीतच लागतो. उरलेला अर्धा तुम्ही कुठे आणि किती वेळ खेळता यावर ठरतो. घर ठाण्यात आणि ऑफिस ऐरोलीला, महापेला किंवा वाशीला असलेल्या माणसासाठी हा दुसरा भाग फार मोठा आहे. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) किती मिळतात हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवलाय. चर्चा सगळी त्याचीच होते, पण रोजच्या वापरात त्याने पडणारा फरक थोडाच असतो.

आपल्याकडे हा प्रश्न पडतो त्याला कारण आहे. स्टीम हे पीसी खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेक हा असाच हातातला पीसी २०२२ मध्ये काढला, पण भारतात तो अधिकृतपणे विकायला आणला नाही. इथे मिळतो तो बाहेरून आलेला, इथल्या वॉरंटीशिवाय. आसुसने अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आणला, नंतर लेनोवोचा लिजन गोही आला. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पडलं ते विंडोज ११ असलेलं यंत्र. डेकवाल्यांना जे स्टीमओएस पहिल्या दिवसापासून मिळतं, ते आपल्याला स्वतः घालून घ्यावं लागतं.

यादीत हे खेळ असतील तर विंडोजच

व्हॅलोरंट, फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटी, एपेक्स लेजेंड्स किंवा ईएचं एफसी (फुटबॉलचा खेळ) यांपैकी एक जरी तुमचा रोजचा खेळ असेल, तर विंडोज काढू नका. स्टीमओएस आणि बझाइट दोन्ही लिनक्सवर उभ्या आहेत, आणि लिनक्सवर घोडं पेंड खातं ते इथेच. या खेळांमधलं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी आत, कर्नल म्हणजे गाभ्यापर्यंत शिरून काम करतं. लिनक्सवर तशी पकड मिळत नाही, म्हणून कंपन्या तिथे खेळच चालू देत नाहीत. चालणारा खेळही एखाद्या दिवशी बंद पडू शकतो: एपेक्स २०२४ च्या शेवटापर्यंत लिनक्सवर उत्तम चालायचा, मग कंपनीने दार लावून घेतलं. जीटीए ५ ची कथा आजही खेळता येते. ऑनलाइन भाग मात्र सप्टेंबर २०२४ पासून बंद आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एफसीचं. रविवारी टीव्हीला यंत्र जोडून, दोन कंट्रोलर घेऊन घरातल्या घरात सामना खेळायचा, त्यात कोण कोणाला फसवणार? पण तोही त्या सॉफ्टवेअरमुळे लिनक्सवर सुरू होत नाही. आपल्याकडे किती घरांत यंत्र घेतलं जातं तेच मुळी फुटबॉलसाठी, त्यामुळे हा मुद्दा हलका समजू नका.

म्हणून सगळेच ऑनलाइन खेळ गेले असं नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर मुळातूनच चालतात. बाकी एकेका खेळाची स्थिती प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर बघा, तिथे खेळणाऱ्यांनी स्वतःचे अनुभव नोंदवलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या पीसी गेम पास या वर्गणीवर खेळ डाउनलोड करून खेळत असाल तर विंडोजला पर्याय नाही, कारण त्याचं एक्सबॉक्स अ‍ॅप लिनक्सवर नाही.

आणि विंडोजही आता दोन वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायबरोबर मायक्रोसॉफ्टने पूर्ण स्क्रीनचा एक्सबॉक्स मोड आणला. त्यात डेस्कटॉप लोड न होता थेट खेळांची यादी उघडते आणि मागे चालणाऱ्या बऱ्याच गोष्टी बंद राहतात. पुढे तो इतर हातातल्या यंत्रांनाही मिळाला. विंडोज काढण्याआधी हा मोड वापरून बघाच. सात इंची स्क्रीनवर बोटाने इवल्याशा फुलीवर नेम धरायचा जो वैताग होता, तो यात बराच कमी होतो.

स्टीमओएस: अर्ध्या तासाच्या प्रवासात खेळणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशी लोकल पकडली आणि बसायला मिळालं, तर तुमच्याकडे साधारण अर्धा तास असतो. तुर्भे गेलं की आवराआवर सुरू. खेळात तुम्ही नेमके बॉसच्या समोर उभे, सेव्ह पॉइंट अजून लांब. स्टीमओएसवर पॉवर बटण एकदा दाबायचं. स्क्रीन काळी होते, पंखा थांबतो, यंत्र बॅगेत जातं. संध्याकाळी परतीच्या गाडीत पुन्हा बटण दाबलं की काही सेकंदांत तोच बॉस, तीच तलवार, तितकंच रक्त शिल्लक. लॉगिन नाही, लाँचर नाही, "अपडेट उपलब्ध आहे" नाही.

विंडोजवर हेच करून बघा. विंडोजची झोप अर्धवट असते: यंत्र झोपलेलं दिसतं, पण नेटशी संपर्क ठेवू शकतं आणि मधूनच जागं होऊ शकतं. मग संध्याकाळी बॅगेतून निघतं ते कोमट झालेलं, चार्ज उतरलेलं, आणि खेळ कधी चालू सापडतो, कधी बंद. यावर उपाय आहे. सेटिंग्जमध्ये पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद) लावा. उठायला जास्त वेळ लागतो, पण बॅटरी जागच्या जागी राहते. विंडोजवर राहणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करावं.

स्टीमओएसची झोपही जादू नाही. ऑनलाइन सामना चालू असेल तर तो तुटणारच, आणि अ‍ॅलाय रात्रभर तसाच ठेवला तर थोडा चार्ज जातोच. पण तुकड्या-तुकड्यांत खेळणाऱ्याला मोठा, चाळीस-पन्नास तासांचा खेळ पुरा करता येतो तो याच सोयीमुळे. माझ्या मते स्टीमओएस घालायचं सर्वांत मोठं कारण हेच, बाकी सगळी त्यानंतर.

हे चालतं कसं, तर स्टीमओएस म्हणजे आर्च लिनक्सवर उभी केलेली व्हॉल्व्हची सिस्टिम. विंडोजसाठी लिहिलेला खेळ प्रोटॉन नावाचा थर लिनक्सला समजेल अशा सूचनांमध्ये बदलून चालवतो. प्रोटॉन २०१८ पासून आहे आणि आता इतका पक्का झालाय की बहुतेक एकट्याने खेळायचे खेळ नुसते इन्स्टॉल करून सुरू होतात. फ्रेमचं म्हणाल तर काही खेळांत लिनक्सवर जास्त मिळतात, काहींत कमी.

बॅटरीचं गणित मात्र समजून घ्या. पहिल्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॉट-तासांची. पूर्ण यंत्र २० वॉट खात असेल तर दोन तास, १० वॉट खात असेल तर चार. ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही घ्या, हे आकडे तेच. फरक इतकाच की स्टीमओएसमध्ये वॉटची आणि फ्रेमची मर्यादा एका बटणावर, खेळ न सोडता बदलता येते आणि प्रत्येक खेळासाठी वेगळी लक्षात राहते. अ‍ॅलाय एक्सची बॅटरी ८० वॉट-तासांची आहे, त्यांना ही चिंता निम्मी.

आता बदल्यात काय सोडावं लागतं ते. स्टीमओएस टाकताना पूर्ण डिस्क पुसली जाते. विंडोज शेजारी ठेवायची सोय त्याच्या इन्स्टॉलरमध्ये नाही. एसडी कार्डही लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करावं लागतं, म्हणजे त्यावरचे खेळ परत डाउनलोड. आर्मरी क्रेट हे आसुसचं सॉफ्टवेअर जातं. एपिक आणि जीओजी या दुकानांतले खेळ हिरोइक लाँचरमधून चालतात, पण ते एकदा बसवायला थोडी खटपट आहे.

यंत्र कोणतं हेही बघा. कारखान्यातूनच स्टीमओएस घेऊन आलेलं व्हॉल्व्हबाहेरचं पहिलं यंत्र म्हणजे मे २०२५ मधलं लिजन गो एस. त्याच सुमारास आलेल्या ३.७ आवृत्तीपासून अ‍ॅलाय आणि मूळ लिजन गोलाही चांगला आधार मिळाला. इंटेल चिपवाल्या एमएसआय क्लॉवर स्टीमओएसचा नाद सोडा.

बझाइट: दोन्ही हवंय त्यांच्यासाठी

बझाइट फेडोरा लिनक्सवर उभं आहे आणि स्वयंसेवकांनी चालवलंय. चालू केल्यावर दिसतो तो स्टीमचाच गेम मोड, त्यामुळे खेळताना स्टीमओएसपेक्षा वेगळं जाणवत नाही. वेगळेपण खाली आहे. एखाद्या अपडेटनंतर काही बिघडलं तर चालू होताना आधीची आवृत्ती निवडता येते. यंत्रांची यादीही मोठी आहे.

माझ्या दृष्टीने त्याची खरी ताकद दोन गोष्टींत आहे, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक, ते विंडोजच्या शेजारी राहू शकतं. दोन, ते सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टिमच सुरू होऊ देणारं कुलूप) चालू ठेवून चालतं. इन्स्टॉलनंतर एक चावी नोंदवायची, बस. स्टीमओएसला सिक्युअर बूट बंद करावं लागतं. इकडे विंडोज ११ वर व्हॅलोरंट सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे घरी मॉनिटर-माउस जोडून व्हॅलोरंट आणि प्रवासात कथेचे खेळ, असं ज्याचं दुहेरी जगणं आहे, त्याच्यासाठी विंडोज आणि बझाइट ही जोडीच कामाची. नाहीतर दर वेळी बायोसमध्ये (यंत्राच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन स्विच पालटत बसावं लागेल.

पण ५१२ जीबीच्या डिस्कवर ही जोडी लावायच्या आधी विचार करा. मोठे खेळ आता शंभर जीबीच्या पुढे जातात. दोन भाग केले की दोन्हीकडे दोनाच्या वर मोठे खेळ मावणं कठीण, आणि आठवड्यातून एकदा काहीतरी उडवून दुसरं उतरवणं सुरू होतं. दोन्ही सिस्टिम हव्याच असतील तर आधी मोठी एसएसडी घाला: पहिल्या अ‍ॅलायला २२३० आकाराची, अ‍ॅलाय एक्सला २२८० ची. शिवाय विंडोजचं मोठं अपडेट आलं की कधीकधी बूटचा क्रम बदलतो आणि बझाइट गायब झाल्यासारखं वाटतं. ते गेलेलं नसतं. अ‍ॅलायवर आवाज कमी करायचं बटण धरून यंत्र चालू करा आणि बायोसमधून क्रम परत लावा.

हात घालण्याआधी

सर्वांत आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) चावी. विंडोज ११ डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट करून ठेवतं. बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावून तुम्ही परत विंडोजमध्ये शिरायला गेलात की निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच उघडून कागदावर उतरवून घ्या. दोन सिस्टिम शेजारी ठेवायच्या असतील तर एन्क्रिप्शन आधी बंद करणंच बरं.

दुसरं, विंडोज आहे तोवर बायोस आणि कंट्रोलरचं फर्मवेअर अद्ययावत करून घ्या. बायोस नंतर पेनड्राइव्हवरूनही करता येतो, कंट्रोलरच्या फर्मवेअरला मात्र आसुसचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर लागतं.

तिसरं, ज्या खेळांचे सेव्ह क्लाउडवर जात नाहीत ते हाताने कॉपी करा. यादी काढलीत ती इथे पुन्हा उपयोगी पडेल.

चौथं अगदी किरकोळ वाटेल, पण ऐन वेळी अडतं तिथेच. पहिल्या अ‍ॅलायला यूएसबी-सीचं एकच पोर्ट आहे. पेनड्राइव्ह लावला की चार्जर कुठे लावणार? चार्जिंग पुढे जाऊ देणारा हब हवा. स्टीमओएसला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, बझाइटसाठी १६ चा घ्या. आणि महावितरणचं देखभालीचं काम असेल त्या दिवशी हे काढू नका. यंत्र बॅटरीवर तगेल, राऊटर नाही.

विंडोज परत आणायची वाट खुली राहते. अ‍ॅलायच्या बायोसमध्ये क्लाउड रिकव्हरी आहे, वायफायवरून विंडोज पुन्हा उतरवता येतं. लायसन्स यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असल्याने ते पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. लिजन गोसाठी लेनोवोकडून रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आधी बनवून कपाटात ठेवा. यंत्र सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आलीच, तर द्यायच्या आदल्या रात्री विंडोज परत टाका आणि तीच बिघाडाची गोष्ट विंडोजवर दिसते का ते बघून, तिचा व्हिडिओ काढून मगच काउंटरवर जा.