जागच्या जागी गाडी फिरवणारी डॉली: सहा महिने वापरल्यावर

माझी उंची पाच फूट दोन इंच, माझ्या मोटरसायकलचं वजन 241 किलो. रस्त्यावर आमचं छान जमतं, भांडण होतं ते गॅरेजमध्ये. नाक आत घालून शिरलं की निघताना उलटी ढकलायची, आणि दारातला उतार नेमका आतल्या बाजूला. सीटवर बसले की पायाची नुसती बोटं टेकतात. बोटांनी रेटून एवढं धूड चढावर मागे जात नाही. मग धाकट्या भावाला हाक. "थांब ताई, मी काढून देतो." दरवेळी हे तो न कुरकुरता म्हणायचा, आणि मला खुपायचं ते तेच.

त्याची रीत अशी: साइड स्टँडवर गाडी अंगाकडे ओढायची, चाकं जमिनीवरून जराशी सुटली की स्टँडच्या टोकावर गर्रकन फिरवायची. बघायला झकास. पण तेवढा वेळ सगळा भार एका बोल्टवर आणि फ्रेमला वेल्ड केलेल्या एका तुकड्यावर असतो. एकदा गुळगुळीत फरशीवर स्टँड सरकला आणि गाडी कपाटावर जाऊन टेकली. क्लचचा लिव्हर वाकला, कपाटाचं दार आजही नीट लागत नाही. त्याच रात्री मी डॉली शोधायला बसले.

डॉली म्हणजे गाडीच्या लांबीची लोखंडी पन्हळ. दोन्ही चाकं त्या पन्हळीत बसतात. तिला आडव्या पट्ट्या, पट्ट्यांच्या टोकांना चहूबाजूंनी फिरणारी छोटी कॅस्टर चाकं, आणि डावीकडे साइड स्टँड टेकवायला पत्र्याची पाटी. गाडी चढवायची, स्टँड लावायचा, आणि सगळं मिळून फिरवायचं.

घेण्याआधी मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. गाडीची लांबी 2 मीटर 26 सेंटीमीटर. तेवढा बांबू कापला आणि गॅरेजमध्ये जमिनीवर गोल फिरवून पाहिला. माझ्या गॅरेजची रुंदी 2 मीटर 55, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम 14 सेंटीमीटर. कागदावर पुरेसं आहे, पण डॉली काही मधल्या खिळ्याभोवती फिरत नाही, फिरता फिरता सरकते. म्हणून एका भिंतीजवळची कुंडी आणि सायकल हलवावी लागली.

पहिली डॉली परत पाठवली. तिच्या पुढच्या टोकाला चाक अडवणारा आडवा गज पक्का वेल्ड केलेला होता. चित्रात तो मजबूत वाटला, पण विचार करा: नाक आत करून चढवली, अर्धं वर्तुळ फिरवली, आता तोंड दाराकडे. उतरवायची कशी? मागे, म्हणजे भिंतीकडे! दुसऱ्या डॉलीला तोच गज पिन काढली की खाली झोपतो, गाडी सरळ पुढे उतरते. विकणाऱ्याला नुसतं 'मजबूत आहे का' विचारू नका, 'पुढून उतरते का' विचारा.

पहिल्या दिवशीची गंमत: पुढचं चाक रॅम्पला लागलं आणि डॉलीच सुर्रकन पुढे निघून गेली. दोन कॅस्टरना ब्रेक आहेत, पण गुळगुळीत फरशीवर ते घसरतात. आता समोरच्या भिंतीला लाकडी ओंडका लावलाय, डॉली त्याला टेकवते आणि मगच चढवते. गॅरेजचं दार उघडं ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. चढल्यावर गाडी गिअरमध्येच ठेवून इंजिन बंद, आणि पुढचा ब्रेक दाबून त्याच्या लिव्हरला रबरबँड.

माझी खरी तक्रार स्टँडच्या पाटीबद्दल आहे. ती मागेपुढे सरकते, पण तिची उंची बदलत नाही, आणि पन्हळीच्या तळापेक्षा ती सेंटीमीटरभर खाली आहे. म्हणजे गाडी जमिनीवर कलते त्यापेक्षा इथे जास्त कलते. हा सेंटीमीटर किरकोळ नाही. माझा अंदाजी हिशेब सांगते: गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटीमीटर आणि हँडल एक मीटरवर धरलं, तर 10 अंश कललेली गाडी नुसती सावरून धरायला हँडलपाशी साधारण 23 किलोचा जोर लागतो. 20 अंशांवर 45. मी पाटीवर प्लायवूडचा तुकडा बोल्टने बसवला तेव्हा कुठे ती शहाण्यासारखी उभी राहिली. जास्त उंचही करू नका, नाहीतर गाडी ताठ उभी राहते आणि धक्क्याने उजवीकडे जाते, तिकडे धरायला स्टँड नाही.

म्हणूनच गाडी कधीही डाव्या बाजूने ढकलायची नाही. जोर नेहमी स्टँडच्या दिशेने. उजवीकडे उभं राहून पुढचं टोक ढकललं की एकीकडे फिरते, शेपूट ढकलली की दुसरीकडे. हँडलला हात लावायचा नाही, खाली फ्रेमला लावायचा. सुरुवातीला कॅस्टर आपापली तोंडं वळवतात तेव्हा एक हिसका बसतो, तेवढा सोसायचा. बॅग मोजायचा काटा शेपटीला अडकवून पाहिलं: हलायला 7 किलो लागले, फिरती झाल्यावर त्याहून कमी. तोल धरायचं काम लोखंडाने घेतलं, माझ्याकडे फक्त ढकलणं उरलं. ज्यांच्या गाडीला रिव्हर्स आहे त्यांना हे पटणार नाही कदाचित. होंडाने 1988 च्या गोल्ड विंग या अवजड मोटरसायकललाच स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स दिला होता. पण रिव्हर्स मागे नेतो, आडवी फिरवत नाही.

फरशी मात्र साफ हवी. हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला की डॉली जागीच थांबते आणि वरची गाडी थांबायला तयार नसते. एकदा असं झालं, पोटात गोळा आला. तेव्हापासून केरसुणी गॅरेजच्या दारातच टांगलेली असते. खडबडीत कोबा, उतार किंवा फरशांमध्ये रुंद फटी असतील तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही.

पाच पैकी चार. एक गुण त्या पाटीचा कापला.

परवा भाऊ त्याची गाडी फिरवायला डॉली मागायला आला होता. त्याच्याकडे कोबा आहे, म्हणून दिली नाही. म्हटलं, थांब, मी येते, काढून देते.