केमोसोबत उष्णता: सोन्याचे नॅनोरॉड घ्यावेत की लोहऑक्साइड?

कर्करोगाच्या पेशी मारायला डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध अतिसूक्ष्म (नॅनो) कणांवर चढवायचं आणि त्याच कणांनी पेशी ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायच्या, इथवर ठरलं की प्रश्न उरतो कण कुठला घ्यायचा: सोन्याच्या सूक्ष्म कांड्या (नॅनोरॉड) की लोहऑक्साइड. इंदूरात सोन्याकडे मन आधी ओढलं जातं. आरआर-कॅट या इथल्या लेझर संशोधन केंद्रामुळे लेझर इथे घरचाच विषय. मीही काही काळ दोन्ही कण वापरले.

सोनं देखणं काम करतं. ८०८ नॅनोमीटरचा लेझर लावला की तापमान झरझर चढतं, आणि पेशी वाढवायच्या प्लेटमधला हवा तेवढाच खळगा (वेल) तापवता येतो. लोहऑक्साइडचं तसं नाही. ते कॉइलच्या सतत बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापतं. मात्रा जास्त लागते, कॉइलभोवती पाणी खेळवावं लागतं, तापमान मोजणारं साधं थर्मोकपल त्या क्षेत्रात चालत नाही.

तरी सोन्याच्या बाबतीत मला नडला तो सीटॅब, म्हणजे साबणासारखं एक रसायन. रॉड वाढवताना तो लागतो. इथल्या जानेवारीत बाटलीच्या तळाशी त्याचे पांढरे स्फटिक बसतात, ते कोमट पाण्यात ठेवून निभावतं. पण तो पेशींना विषारी आहे. रॉड कमी धुतले तर नुसते रॉड घातलेल्या, ना औषध ना लेझर अशा तुलनेसाठी ठेवलेल्या (कंट्रोल) पेशीच मरतात. जास्त धुतलं तर रॉड एकमेकांना चिकटून करडा गाळ होतो. पीईजी या पॉलिमरचा लेप देता येतो, पण दर बॅचला किती सीटॅब उरला ही धाकधूक राहतेच. आपला सगळा दावा हा की उष्णता आणि औषध मिळून दोघांच्या बेरजेहून जास्त पेशी मारतात. त्यात तिसरा मारेकरी शिरला तर त्या आलेखावर माझा तरी विश्वास बसत नाही.

लोहऑक्साइडवर सायट्रेट किंवा डेक्स्ट्रानचा लेप चढवा, चुंबक लावून धुवा. कंट्रोलमधल्या पेशी शांतपणे वाढत राहतात. कणांतला मॅग्नेटाइट हवेत हळूहळू मॅघेमाइट या दुसऱ्या लोहऑक्साइडात बदलतो खरा, पण तो फरक दाखवणाऱ्या मॉसबाउअर तपासणीची सोय इंदूरच्याच यूजीसी-डीएई या संशोधन केंद्रात आहे.

खोलीचा मुद्दाही आहेच. हा लेझर ऊतींत फार आत पोचत नाही, चुंबकीय क्षेत्र मात्र शरीराच्या आरपार जातं. युरोपात मेंदूच्या गाठींसाठी लोहऑक्साइडच्या उष्णतेला २०१० मध्ये मान्यता मिळाली. अर्थात तिथे जोडी केमोची नव्हे, रेडिएशनची होती.

तुमच्या संशोधनाचा विषय त्वचेचा किंवा तोंडाचा कर्करोग असेल आणि गाइडकडे लेझर तयार असेल, तर सोनं घ्यायला हरकत नसावी. फक्त औषध चढवण्याआधी नुसत्या रॉडवर पेशी जगतात का ते पाहून घ्या. यकृतासारख्या खोल गाठीसाठी विचाराल तर मी लोहऑक्साइडच सुचवीन.